पट्ट्यांचा डबा

“हे इथी काहून ठेवलं वं?”

सिस्टर दारात आल्या की पहिलं वाक्य हे. कशी आहेस, काय करतेस, हे सगळं नंतर, आणि बहुतेक वेळा नाहीच. आधी त्यांचे डोळे घरभर फिरायचे. खिडकीतली उघडी कात्री, कोपऱ्यात आडवी पडलेली विळी, मोरीच्या तोंडाशी सांडलेलं साबणाचं पाणी, खाटेवरून लोंबणारी इस्त्रीची वायर. आपल्याला घर दिसतं, त्यांना त्या घरात अजून न झालेले अपघात दिसत. हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत त्या विचारायच्या, “अन् डब्बा? डब्बा कुठी हाय?”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती येतात तेव्हा आपलं चांगलं नांदतं घर अचानक धोक्याचं वाटायला लागतं, आणि ती गेल्यावर आपण गुपचूप उठून विळी जागेवर ठेवतो.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. लग्न होऊन मी खापरखेड्याला आले. आमचे हे वीज केंद्रात बॉयलरवर होते. कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून मोरी. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकून आत आणायचे, कारण धुराड्याची राख दोरीवरही येऊन बसायची. कॉलनीच्या टोकाला छोटा दवाखाना होता. सकाळी डॉक्टर यायचे, एक कंपाउंडर होता आणि एक नर्स. तीच आमची सिस्टर. पन्नाशीला टेकलेल्या, सावळ्या, हाडकुळ्या. पांढरी साडी घोट्याच्या चांगली वर. चालणं असं की सोबतच्या माणसाला पळावं लागे.

कॉलनीतल्या प्रत्येक घरात औषधपट्टीचा डबा हवा, हा त्यांचा ध्यास होता. तसा कोणाचा हुकूम नव्हता. दवाखाना बंद झाला की त्या आपल्या मनाने निघायच्या आणि क्वार्टरांची एकेक लाइन धरायच्या.

“बिस्किटाचा डब्बा चालन, दुधाच्या पावडरीचा चालन. पण झाकण एका हातानं उघडलं पाहिजे. दुसरा हात रक्तानं भरला असन ना!”

डब्यात काय हवं ते ठरलेलं होतं. जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या, उकळून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून गुंडाळलेल्या. कापूस. लाल औषध. साबणाची कोरी वडी. कात्री, चिमटा, सेफ्टी पिना. मोडलेला हात गळ्यात बांधायला एक मोठं त्रिकोणी फडकं. आणि एक उकळून ठेवलेली अख्खी चादर, “भाजलं त झाकाले.” काय नको, तेही ठरलेलं होतं. शाईची दौत, चुन्याची डबी, दंतमंजन, हळद असं काही डब्यात दिसलं की त्या ते चिमटीने उचलून बाहेर ठेवायच्या. “हे ज्याच्या त्याच्या जागी ठेव. जखमेवर टाकशीन त मले तोंड दाखवू नको.”

तिसऱ्या लाइनीतल्या एका हौशी बाईने डब्याला लोकरीचं विणलेलं कव्हर केलं होतं, वर चार बटणं. सिस्टरांनी उजवा हात पाठीमागे धरला आणि डाव्या हाताने ती बटणं काढायला घेतली. एक निघालं, दुसरं अडकलं. मग त्या म्हणाल्या, “सुंदर हाय बाप्पा. माणूस मरून जाईन, पण सुंदर हाय.”

एका घरी डबा कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली नवऱ्याच्या खिशात. नवरा ड्युटीवर. सिस्टर पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत तरातरा केंद्राच्या गेटपर्यंत गेल्या, त्या माणसाला बाहेर बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, “भाऊ, तुमची बायको जखम झाल्यावर सुटी व्हायची वाट पाहीन का?” दुसऱ्या दिवशी डबा कपाटाबाहेर आला.

त्यांची परीक्षाही असायची. समोर येऊन हात पुढे करायच्या. “समज, माह्या हाताले लागलं. रक्त चाललं. कर काय करते ते.” आणि मोठ्याने आकडे मोजायला लागायच्या. एकदा क्रेन चालवणाऱ्या एका आडदांड गृहस्थाच्या घरी त्यांनी परीक्षा खरी वाटावी म्हणून मनगटावर लाल औषध ओतून घेतलं. ते गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली, ते मनगट पाहिलं आणि खुर्चीतून हळूच खाली घसरले. सिस्टरांनी त्यांचे पाय उचलून स्टुलावर ठेवले आणि बायकोकडे वळून म्हणाल्या, “आता दोन पेशंट झाले. पयले कोणाले पाहशीन?”

आम्ही हसायचो. त्या मात्र हसताना मला फारशा आठवत नाहीत. परीक्षा झाली की लगेच पुढचं दार. “बसा ना, सिस्टर,” म्हटलं की ठरलेलं उत्तर, “बसाले टाइम नाही, पोरी. तीन घरं राहिले.” चहाचं विचारलं तरी तेच. मला वाटायचं, किती घाई या बाईला! घरी कोणी वाट पाहणारंही नाही, मग कशासाठी ही धावपळ?

आमच्या घरी सासूबाई होत्या. सावनेरकडच्या गावातल्या, शेतीवाडीच्या घरातल्या. मुलाला नोकरी लागली तशा इथे येऊन राहिलेल्या. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण त्यांच्या मनात घराच्या पुढच्या खोलीचे नियम वेगळे होते आणि मागच्या खोलीचे वेगळे. सिस्टर नागपूरच्या, छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातल्या. त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात हात आडवा धरून उभ्या राहिल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, “इथीच बोला बाई. आत पसारा हाय.”

आत पसारा नव्हता. मी सकाळीच सगळं लख्ख केलं होतं.

सिस्टर सासूबाईंच्या हाताकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. “डब्बा स्वयंपाकघरात पाहिजे, पोरी. जाळ तिथी असते.” सासूबाई म्हणाल्या, “बैठकीतच राहू द्या.” डबा बैठकीतल्या खिडकीत ठेवला गेला. जाताना सिस्टर दारातून म्हणाल्या, “खिडकीपासून चुलीपर्यंत किती पावलं हाय, मोजून पाहजो.” मी मोजली. बारा भरली.

त्याच खिडकीच्या दुसऱ्या टोकाला एक काचेचा पेला असायचा. तो घरातल्या भांड्यांत कधी येत नसे. मी नवी सून. पेला तिथे का, हे मला कळत होतं, आणि कळत असूनही मी विचारलं नाही.

एकदा आमच्या लाइनीच्या नळावर सिस्टर मला एकट्या भेटल्या. कोणाच्या तरी घरून आल्या होत्या, हात धूत होत्या. मी धीर करून विचारलं, “सिस्टर, तुम्ही या डब्यांपायी एवढं का फिरता?”

त्या हात धूतच राहिल्या. साबण केव्हाच निघून गेला होता.

“माही बहीण होती मोठी. वस्तीत राहात होतो आम्ही. तिच्या पायाले पत्रा लागला. एवढीशी जखम,” त्यांनी अंगठ्याचं टोक दाखवलं. “मायनं माती दाबली. दुसरं काई नव्हतंच घरात. चार घरं सोडून मोठ्या लोकायची घरं. तिथी टिंचर होतं, कापूस होता, समदं होतं. माय गेली मागाले. त्यायनं दार उघडलं नाही. आतून म्हणे, काय पाहिजे? मायनं सांगितलं. त म्हणे, सकाळी पाहू.” नळ बंद करून त्यांनी हात झटकले. “आठव्या दिवशी तिची दातखीळ बसली. धनुर्वात. मी पंधरा वर्षांची होती. तिच्या दातात चमचा घालाले गेली, त चमचा जाये ना.”

मी भरलेली बादली बाजूला घेतली.

“म्हणून म्हणते, ज्याच्या त्याच्या घरात डब्बा पाहिजे. दुसऱ्याच्या दारी उभं राहाची पाळी कोणावर नको.” आणि त्याच दमात, “तुह्या डब्यातल्या कात्रीले गंज चढला हाय. मंगळवारी पाहिलं मी. तेल लावजो.” आणि निघाल्या.

मी घरी येऊन कात्रीला तेल लावलं. नंतर कितीतरी दिवस मला घरात स्वस्थ बसवेना. एखादी गोष्ट ऐकल्यावर ती आपल्या अंगात कुठे जाऊन बसते कोण जाणे. स्टो पेटवताना, विळीवर बसताना, पाण्याची बादली उचलताना माझी नजर त्या खिडकीकडे जायची. डब्याकडे जायची, आणि मग पेल्याकडे.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुपारची वेळ, हे ड्युटीवर. सासूबाई चकल्या तळत होत्या. मी मोरीत भांडी घासत होते. मध्येच स्टोमधलं रॉकेल संपलं. जरा थंड होऊ द्यायचं, मग भरायचं, हे त्यांनाही माहीत होतं. पण कढईत तेल तापलेलं, सोऱ्यात पीठ भरलेलं. त्यांनी तसंच झाकण उघडून रॉकेल ओतलं.

भक् असा आवाज झाला. मी वळले तर सासूबाईंचा पदर पेटला होता आणि त्या उजव्या हाताने तो झाडत होत्या.

पुढचं मी केलं असं म्हणवत नाही. माझ्या हातांनी केलं. खाटेवरचं घोंगडं ओढलं, सासूबाईंना त्यात गुंडाळून खाली आडवं केलं. मोरीतलं ओलं गोणपाट स्टोवर टाकलं. मग बादलीतून तांब्याने त्यांच्या हातावर पाणी ओतत राहिले. एक बादली संपली, दुसरी. त्या ओरडत होत्या. माझ्या कानात मात्र सिस्टरांचा आवाज होता, “पाणी, पाणी, थंड पाणी. थांबू नको. चिकटलेलं कापड ओढू नको.”

आरडाओरडा ऐकून बायका धावत आल्या. एकीच्या हातात शाईची दौत. “ओत, ओत, फोड नाही येत.” दुसरी म्हणाली, “शेण लावा.” तिसरीने बटाटा किसायला घेतला. त्या सगळ्या माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. आणि मी, कधी कोणाला उलटून न बोललेली, सासूबाईंच्या आणि त्यांच्यामध्ये उभी राहून ओरडले, “हात नका लावू! कोणी हात नका लावू!”

कोणीतरी दवाखान्यात पळत गेलं होतं. सिस्टर धावत आल्या. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी. बैठक ओलांडून त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या.

समोर भाजलेला माणूस, आणि आयुष्यभर धावत राहिलेली ती बाई उंबऱ्याशी थांबलेली. त्यांनी विचारलं, “मावशी, आत येऊ?”

सासूबाई जमिनीवर पडल्या पडल्या कण्हल्या. “आता इचारते का वं!”

सिस्टर आत आल्या. गुडघे टेकून बसल्या. पहिलं काम केलं ते सासूबाईंच्या मनगटातला चांदीचा गोठ काढण्याचं. “आत्ताच काढा लागते. हात फुगला त रुतून बसन.” साबणाचं पाणी लावून तो अलगद फिरवत उतरवला. मला म्हणाल्या, “डब्बा.” मी बारा पावलं पळत गेले आणि आले. चिकटलेला पदर त्यांनी भोवतीने कापला, चिकटलेला तुकडा तसाच राहू दिला. उकळून ठेवलेली चादर उलगडून हातावर, खांद्यावर सैल पांघरली. कात्री सरळ चालत होती. गंज नव्हता. मग जीप आली आणि सिस्टर सासूबाईंसोबत नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. मला म्हणाल्या, “चांगलं पाणी ओतलं तू.” तेवढंच.

हात वाचला. बोटं थोडी आखडली, खांद्यावर मोठा डाग राहिला. महिन्याभराने सासूबाई घरी आल्या आणि रोजची मलमपट्टी सिस्टर घरी येऊन करू लागल्या. स्वयंपाकघरात, मागच्या खिडकीच्या उजेडात.

“हळू वं. हात हाय माहा, फडकं नाही.”

“मावशी, हळू केलं त उद्या बी दुखन. जोरात केलं त आजच दुखन.”

“तुह्या मायनं तुले बोलाले बरं शिकवलं.”

असं रोज चालायचं. दोघी एकमेकींवर खेकसायच्या आणि त्यात दोघींनाही बरं वाटत असावं. सिस्टरांना यायला उशीर झाला की सासूबाई दाराकडे पाहायच्या. “आली नाही का वं अजून?” एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने स्वतः चहा गाळला आणि घरातल्या पितळी कपात सिस्टरांच्या पुढे सरकवला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. सिस्टरांनी तो चहा उभ्यानेच दोन घोटांत संपवला. इतका गरम होता की जीभ नक्की पोळली असेल.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण घडलं ते पुढेही घडलं.

पंधरा दिवसांनी सासूबाईंना बघायला गावाकडची माणसं आली. त्यांच्या दोन जावा, एक नणंद. त्या बैठकीत बसल्या असतानाच सिस्टर आल्या. मलमपट्टी त्या दिवशी बैठकीतच झाली. जावेने विचारलं, “कोण हाय?” सासूबाई म्हणाल्या, “दवाखान्यातली नर्स.” मी सगळ्यांना चहा आणला. घरातले कप मोजून आणले होते, सिस्टरांसाठीही एक. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. बस, एवढंच. मी वळले, तो कप आत नेला आणि खिडकीतला पेला उचलला.

मी उचलला. सासूबाईंनी नाही.

सिस्टर पट्टीची शेवटची गाठ मारत होत्या. त्यांनी वर पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. परीक्षेला हात पुढे करताना त्या जशा बघायच्या, तसं पाहिलं. “बसाले टाइम नाही, पोरी,” त्या म्हणाल्या, “तीन घरं राहिले.” आणि गेल्या. त्या दिवशी मला कळलं की त्यांची ती घाई सगळीच घाई नव्हती. कोणी बसा म्हणेल की नाही, कशात चहा देईल, हे पाहायची वेळच त्या येऊ देत नसत.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी आल्या. मी दारातच म्हटलं, “सिस्टर, काल...” त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “पाणी उकळलं का?” मी म्हटलं, हो. “मंग आण.”

खिडकीतला पेला त्याच संध्याकाळी मी फोडला. घासताना हातून निसटला, असं सांगितलं. नवा पेला तिथे आला नाही. पण माणसाच्या समोर जे करायचं ते त्याच्या पाठीमागे केलं, हे मी जाणून आहे.

पुढल्या वर्षी मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेले. तीन महिन्यांनी आले तर दवाखान्यात दुसरी नर्स होती. सिस्टरांची बदली झाली होती. कोणी म्हणे भंडाऱ्याकडे, कोणी म्हणे चंद्रपूरकडे. निरोपाचा कार्यक्रम ठरला होता, पण त्या सकाळच्या पहिल्या एसटीने निघून गेल्या. सासूबाई म्हणाल्या, “जायच्या आधी आली होती. माहा हात पाहून गेली. मी बस म्हटलं.” मी विचारलं, “मग?” सासूबाईंनी आपली आखडलेली बोटं उघडमीट केली. “नाही बसली.”

त्यानंतर दहाएक वर्षं गेली. सासूबाई गेल्या. आम्ही नागपुरात राहायला आलो. ऐंशीच्या दशकातली एक दुपार, मी सदरमध्ये मुलीच्या शाळेचं कापड घ्यायला गेले होते. दुकानातून बाहेर पडले आणि रस्त्याच्या पलीकडे मला सिस्टर दिसल्या. केस पूर्ण पांढरे, पाठीला थोडा बाक, पण चालणं तेच. सायकलरिक्षा, स्कूटर, हातगाड्या यांच्यामधून वाट काढत त्या कुठेतरी वेळेवर पोहोचायचं असल्यासारख्या निघाल्या होत्या.

“सिस्टर!” मी जोरात हाक मारली. “ओ सिस्टर!”

जवळच्या दवाखान्यातून सुटलेल्या, पांढऱ्या कपड्यांतल्या दोन तरुण मुलींनी वळून माझ्याकडे पाहिलं. सिस्टरांनी पाहिलं नाही. त्या पुढे जात होत्या. मी पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिले. नाव काय घ्यायचं? आडनाव कॉलनीने जात कळावी म्हणून त्यांच्या पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं, ते भर रस्त्यात माझ्या तोंडातून निघेना. आणि नाव आमच्यापैकी कोणी कधी विचारलंच नव्हतं.

मध्ये एक बस येऊन उभी राहिली. माणसं चढली, उतरली. बस हलली तेव्हा पलीकडच्या फुटपाथवर गर्दी तशीच होती, आणि तिच्यात माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं.